लेक बाळंतपणाला सीमेपलीकडून माहेरी येतेय? आधी हे करा

महाराष्ट्रात चंदगड, गडहिंग्लज, कागलला दिलेल्या लेकी पहिल्या बाळंतपणाला कर्नाटकात खानापूर, बेळगाव, निपाणीकडे माहेरी येतात. तिथली आशाताई ‘माहेरी गेली’ म्हणून नाव सोडून देते आणि इथल्या आशाताईच्या वहीत ते चढलेलेच नसते. वर्षाच्या आत दगावणाऱ्या बाळांपैकी निम्म्याहून अधिक बाळे पहिल्या महिन्यातच जातात, म्हणजे नेमकी अशा बेवारस दिवसांत. कागदावर कारण कमी वजन किंवा जंतुसंसर्ग असे लिहिले जाते, पण त्यामागे बहुधा झालेला उशीर असतो. तो उशीर नोंद, परवानगी आणि पैसा यांमुळे होतो.

ओटीभरण झाले की सातव्या महिन्यातच लेकीला आणा, आठवा-नववा सरेपर्यंत थांबू नका. आल्या आठवड्यातच आशाताईंना गाठा. सोबत महाराष्ट्रातले माता-बाल संरक्षण कार्ड, आधार, बँक पासबुक, सोनोग्राफी आणि रक्ताचे रिपोर्ट न्या. कार्डावरचा आरसीएच नंबर (गरोदरपणाच्या सरकारी नोंदीचा क्रमांक) दाखवा आणि इथले तायी कार्ड, म्हणजे कर्नाटकातले आईचे कार्ड, मागा. त्यावरची कन्नड नोंद वाचता येत नसेल तर वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन आणि बाळंतपणाची तारीख वाचून घेऊन वहीत मराठीत लिहा. हिमोग्लोबिन 11 पेक्षा कमी म्हणजे रक्त कमी आहे. 7 पेक्षा कमी असेल तर थेट मोठ्या दवाखान्यात न्या. लोहाची गोळी चहासोबत घेऊ नये, अंगाला लागत नाही.

दवाखान्यात बाळंतपण झाले तर आशाताईंनी 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी घरी यायचे असते. या तारखा कॅलेंडरवर मांडा, कोणी आले नाही तर त्याच दिवशी फोन करा. जन्माची नोंद जिथे जन्म झाला तिथेच होते आणि 21 दिवसांत मोफत होते. बारशाची वाट पाहू नका, नाव नंतर घालता येते. पहिल्या बाळासाठी प्रधानमंत्री मातृवंदना योजनेतून मिळणाऱ्या 5,000 रुपयांपैकी शेवटचे 2,000 हा दाखला आणि लसी झाल्याशिवाय मिळत नाहीत.

रात्री अडचण आली तर दवाखान्याचा निर्णय कोण घेणार, हे आधीच ठरवा. जावई दूर, विहीणबाईंना विचारायचे आणि पैसे वडिलांकडे, यात तास जातात. विहीणबाईंशी आत्ताच बोला आणि लेकीच्या आईला पूर्ण मोकळीक द्या. मुलगी जन्मली म्हणून ‘उद्या बघू’ म्हणणारी घरे अजूनही आहेत, ते आईनेच मोडायचे. सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझेरियन, औषधे, तपासण्या, रक्त आणि न्या-आणायची गाडी मोफत आहे. एक वर्षापर्यंतच्या आजारी बाळाचे उपचारही मोफत आहेत. गाडीसाठी 108.

कणकुंबी, जांबोटीकडे किंवा भीमगडच्या जंगलातल्या वस्त्यांवर पावसात वाट बंद होते. जून ते सप्टेंबरची तारीख असेल तर दोन आठवडे आधीच खानापुरात किंवा बेळगावात नातेवाइकांकडे राहायची सोय करा.

निपाणी भागात मिश्री, तंबाखू आणि विड्यांच्या कामाचा प्रश्न वेगळा. मिश्रीतले निकोटीन पोटातल्या बाळाचे वजन कमी करते. विडीच्या कामात तंबाखूची धूळही अंगात जाते. नुसते ‘सोड’ म्हणून भागत नाही, कारण त्या मजुरीवर घर चालते. काम थांबेल त्या महिन्यांची मजुरी घरात कोण भरून काढणार, तेही बोलून ठरवा.

बाळाला तासाभरात अंगावर घ्या, चीक पाजा. मध, घुटी, पाणी काही नको. पहिली आंघोळ 24 तासांनंतरच. नाळेला राख, हळद, तेल लावू नका. खोलीत धुरी करू नका, धुराने बाळाचा श्वास कोंडतो. 2,500 ग्रॅमपेक्षा कमी वजनाचे बाळ आईच्या छातीशी उघड्या अंगाने ठेवा.

बाळ शांत असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. 60 किंवा जास्त आले तर पुन्हा मोजा, तेवढेच आले तर दवाखान्यात निघा. दूध ओढत नसेल, अंग तापले किंवा गार पडले, झटके आले, छाती आत ओढली गेली, तर मोजत बसू नका, लगेच निघा.

सव्वा महिना झाला की पाठवणीची घाई होते, आणि दीड महिन्याची लस व 42 व्या दिवसाची भेट नेमकी त्यानंतर येते. दोन्ही झाल्यावरच पाठवा. सोबत तायी कार्ड आणि जन्म दाखला द्या. दोन्हीकडच्या आशाताईंना एकमेकींचे फोन नंबर निघण्याआधीच देऊन ठेवा.