राइट्स इश्यू: या चुका टाळा

कुठल्याही कंपनीचा राइट्स इश्यू (म्हणजे आधीच्याच भागधारकांना ठरलेल्या भावात नवे शेअर देऊ करणं) आला की मला फोन येतो, "डीमॅटमध्ये फुकट शेअर आलेत, विकू की ठेवू?" अहो, ते शेअर नव्हेत! ते आरई, म्हणजे राइट्स एंटायटलमेंट, ठरलेल्या भावात नवा शेअर घ्यायचा नुसता हक्क. 2020 पासून सेबीने (शेअर बाजाराची नियामक संस्था) हा हक्क डीमॅटमध्ये जमा करायला लावला, आयएसआयएन (ओळख क्रमांक) वेगळा असतो पण ॲपमध्ये दिसतो शेअरच्या शेजारीच, घोळ तिथेच होतो.

डिचोलीच्या आमच्या मामांचं ऐका. शेअर 500 ला, राइट्सचा भाव 380, आरई 115 ला मिळत होते. मामांनी 40 आरई बाजारातून उचलले, का तर "500 चा माल 115 ला!" मग चवथ आली, माटोळी, पाहुणे, आरत्या, आणि इश्यू बंद झाला. पंधरा दिवसांनी मला विचारतात, "शेअर गायब कसे रे झाले?" मामा, 380 प्रमाणे अर्ज कोण करणार होतं? आरई घेऊन अर्ज केला नाही तर हक्क बाद, 4600 रुपये पाण्यात. मामी अजून ऐकवते, मामांना नाही, मला.

मी काय करतो, आरई दिसले की भिंतीवरच्या कालनिर्णयात दोन तारखांना गोल करतो, एक आरईचं ट्रेडिंग बंद व्हायची, दुसरी इश्यू बंद व्हायची. पहिली काही दिवस आधी येते, "शेवटच्या दिवशी विकू" म्हणणारे तिथेच अडकतात. पैसे घालायचे नसतील तर वेळेत विकून मोकळे व्हा.

आयपीओसारखं यूपीआय शोधत बसू नका. अस्बा लागतं, म्हणजे पैसे आपल्याच बँक खात्यात अडवून ठेवायची सोय, नेट बँकिंगने नाहीतर शाखेत फॉर्म देऊन, पैसे अलॉटमेंटपर्यंत (शेअर वाटप होईपर्यंत) ब्लॉक राहतात. पतसंस्थेचं खातं चालत नाही, सहकारी बँकेत अस्बा आहे का ते आधी विचारा. बायकोच्या खात्यातून भरलेत तर अर्ज बाद होऊ शकतो.

आरईत इंट्राडे (त्याच दिवशी घेऊन विकणं) नाही, घाई असलेल्यांनी लांबच राहा.

रेकॉर्ड डेटलाच (हक्क कुणाला मिळणार ते ज्या तारखेला ठरतं) शेअर घेतला? उशीर झाला, आदल्या ट्रेडिंग दिवशी हवा होता.

आजोबांचे कागदी शेअर कपाटात असतील तर आधी डीमॅट उघडा, नवे शेअर कागदावर मिळत नाहीत.

आणि अर्धवट पैशांचे इश्यू नीट वाचा. रिलायन्सने 2020 मध्ये 15 शेअरमागे 1 दिला, भाव 1257, अर्जाला फक्त 314.25. "स्वस्त" म्हणून नाचलेल्यांना बाकीचे 942.75 पुढच्या वर्षी दोन हप्त्यांत भरावे लागले.