इव्हेंटमध्ये नवे आहात? शीटमधला आकडा आधी तपासा

इव्हेंट कंपनीत रुजू झालात की पहिल्याच आठवड्यात एक लिंक येते. "सगळं शीटमध्ये आहे, बघून घे." हॉल, लॉन, डेकोरेटर, केटरर, जनरेटरवाले, परवानग्या, मागच्या कार्यक्रमांच्या रनशीट, म्हणजे कधी काय होणार त्याची वेळापत्रकं. नशीब समजा. आमच्या वेळी अर्धं सीनिअरच्या डायरीत असायचं आणि अर्धं त्यांच्या डोक्यात. ते रजेवर गेले की ऑफिस ठप्प. व्हेंडरचे नंबर दडवून ठेवणाऱ्याला गुरू मानू नका, हे माझं ठाम मत आहे. नंबर कुणालाही मिळतो. हा माणूस रात्री दोनला फोन उचलतो का, ते सांगणारा सीनिअर धरा.

आता अडकायची जागा. एका हॉलपुढे नोंद होती: 'पॉवर बॅकअप १२५'. बस्स, एवढीच. लाइट, साउंड आणि एलईडी वॉलवाल्यांनी आपापला भार किलोवॅटमध्ये कळवला, बेरीज शंभरच्या थोडी वर गेली. १२५ मध्ये आरामात बसतंय, असं सगळ्यांनाच वाटलं. पण ते १२५ केव्हीए होते, म्हणजे जनरेटरवर लिहिलेली क्षमता, किलोवॅट नव्हे. पॉवर फॅक्टर, म्हणजे त्यातला प्रत्यक्ष कामी येणारा वाटा, ०.८ धरला की हातात उरतात १०० किलोवॅट, आणि जनरेटर कुणी काठोकाठ चालवत नाही. त्यात हॉलचे एसी आणि लिफ्टही त्याच जनरेटरवर. गुरुवार होता, देखभालीसाठी लाइट गेलेली. रिहर्सलला वॉल पेटली, मागोमाग एसी सुरू झाले आणि सगळं ट्रिप. ऐन लग्नसराईत संध्याकाळी भाड्याचा जनरेटर शोधताना दर विचारायची सोय नसते, मिळेल तो घ्यायचा. बरं, नोंद खोटी नव्हती. कुणीतरी, कधीतरी, एका छोट्या कार्यक्रमासाठी ती केली होती आणि त्या कार्यक्रमाला ती पुरली होती.

म्हणून प्रत्येक आकड्याशेजारी एकक, तारीख आणि नाव हवंच. 'पाहिलं' की 'फोनवर ऐकलं', हेही लिहा. जनरेटरच्या नेमप्लेटचा फोटो जोडा. आणि क्षमतेपेक्षा 'आपल्यासाठी किती उरते' हा रकाना महत्त्वाचा. जुन्या नोंदीवर विसंबून रेकी, म्हणजे जागेची आधी जाऊन पाहणी, टाळणं हा शॉर्टकट नाही, उधारी आहे.

परवानग्यांचंही तसंच. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार उघड्यावर रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर बंद. सणासुदीला वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस १२ पर्यंत सवलत देता येते. शीटमध्ये नुसतं 'लॉन, १२ पर्यंत चालतं' दिसलं तर ती नोंद नवरात्रातली आहे का, ते आधी बघा. तेवढ्यावर जानेवारीतल्या संगीताला क्लायंटला शब्द दिलात, तर दहाला साउंड बंद करताना पुढे तुम्हालाच उभं राहायचंय.

एवढं वाचून घाबरू नका. 'पाचशे माणसं, इनडोअर, डिसेंबर' असा फोन सकाळी आला आणि दुपारी तीन जागा दरांसकट समोर ठेवल्या, की शीटची किंमत कळते. नवख्यांना नोंदी भरायला बसवतात, त्याचा राग येतो, मलाही यायचा. पण धंदा तिथेच कळतो.

शीट डाउनलोड करून 'फायनल_२' मात्र करू नका, आठवड्यात दोन सत्यं तयार होतात. पाहुण्यांच्या आधारकार्डांचे फोटो तर तिथे टाकूच नका, लिंक कुणाकुणाकडे आहे कुणालाच ठाऊक नसतं.

कार्यक्रम संपल्यावरची नोंद त्याच रात्री करा, टेम्पोत बसून व्हॉइस नोटवर केली तरी चालेल. टेम्पो कुठपर्यंत येतो, मालाच्या लिफ्टचं दार किती फूट आहे, डिसमॅन्टलला गेट किती वाजेपर्यंत उघडं ठेवतात. दर लिहिताना जीएसटीसकट की वगळून, तेही लिहा. नाहीतर पुढच्या कोटेशनमध्ये ते १८ टक्के आपल्याच मार्जिनमधून जातात.