गाठोड्यातून आधी झबलं, मग वाकळ

जुन्या साड्यांचं गाठोडं घेऊन बायका माझ्याकडे येतात तेव्हा वाकळ, म्हणजे गोधडी, त्यांच्या मनात शिवून तयारच असते. कुठली साडी वर, कुठली आत, कोणत्या काठाचा गोट (कडेची पट्टी), सगळं ठरलेलं. मी आधी एवढंच विचारते की घरात लहान मूल आहे का, किंवा येणार आहे का. असेल तर कापायचा क्रम बदलतो. मुलाच्या कपड्याला कापड थोडं लागतं, पण ते चांगलं लागतं. वाकळीला भरपूर लागतं आणि तिच्या पोटात विरलेलंही खपून जातं. म्हणून झबली, परकर, सदरे आधी काढून घ्यायचे आणि मग उरलेल्याची वाकळ घालायची. उलट केलं की मऊ, सलग भाग अस्तराला जातो आणि मुलाच्या वाट्याला काठाजवळचा कडक तुकडा येतो.

मी सांगलीत खणभागात राहते, ब्लाऊज आणि लहान मुलांचे कपडे शिवते. वाकळ घालायला आईने शिकवलं, ती जतकडची. त्यामुळे खाली जे सांगते आहे ते त्या बाजूच्या पद्धतीने. तुमच्याकडे वेगळं करत असतील तर तेही बरोबरच असेल.

कापड पारखायचं

साडी उलगडून खिडकीसमोर धरा. सहावारी असेल तर खालची कड आणि निऱ्यांचा भाग आधी जातो, कारण तो पायात येतो आणि जमिनीला घासतो. कमरेचा पहिला वेढा मात्र आत दडलेला असतो. त्यावर ना ऊन पडतं ना घासणं, रंगसुद्धा नव्यासारखा राहतो. लहान मुलाचे कपडे तिथून काढायचे. नऊवारीत कासोट्याचा आणि बसायचा भाग विरतो, बाकी लुगडं पुष्कळदा धड असतं.

नुसतं बघून भागत नाही. कापड दोन्ही अंगठ्यांत धरून आडव्या धाग्यात हलकेच ताणा. चरचर आवाज आला किंवा धागे सरकून जाळी दिसली तर तो भाग वाकळीच्या आत. अजिबात आवाज न करता ताणलं गेलं तर तो अंगावर घालायच्या कपड्याला.

मग सुती आहे की नाही ते बघायचं. दुकानदाराने तेव्हा काय सांगितलं होतं ते विसरा. कडेचे दोन-चार धागे काढा, चिमट्यात धरा आणि काडी लावा. सुती धागा पटकन जळतो, कागद जळल्याचा वास येतो आणि बोटांत चुरली जाणारी राख उरते. पॉलिस्टर आकसतं, वितळतं आणि थंड झाल्यावर काळी कडक गाठ होते. टेरिकॉटमध्ये दोन्ही असतं, त्यामुळे जळतंही आणि गाठही राहते. वडिलांचे आवडते शर्ट बहुतेक टेरिकॉटचेच निघतात. बायका हिरमुसतात, पण घाम न शोषणारं कापड मी तान्ह्या बाळाला शिवून देत नाही, कितीही लाडक्या माणसाचं असलं तरी. त्याची पिशवी शिवा, उशीचा वरचा अभ्रा शिवा.

इरकल लुगड्याची गोष्ट वेगळी. अंग सुती असलं तरी तो लाल पदर बहुतेकदा रेशमाचा किंवा आर्ट सिल्कचा (नकली रेशमाचा) असतो. सुती आणि रेशमी एकाच वाकळीत घातलं की धुतल्यावर दोन्ही वेगवेगळी आकसतात आणि वाकळ आखडते. शिवाय त्या लालचा रंग जायची भीती. पदर कापून बाजूला ठेवायचा. रंगाची परीक्षा सोपी आहे: पांढरा रुमाल ओला करून कापडावर जोरात घासा. रुमालाला रंग लागला तर ते कापड फिक्या रंगाशेजारी नको. मिठाच्या पाण्यात भिजवलं की रंग पक्का होतो म्हणतात, मी त्यावर विसंबत नाही. दोन-तीनदा वेगळं धुऊन पुन्हा रुमाल घासून बघते.

आमच्या गावात अजून एक अडचण असते. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कितीतरी घरांतल्या पेट्या पाण्याखाली होत्या. त्यातल्या साड्या धुऊन, वाळवून लोकांनी जपून ठेवल्या आहेत, पण घडीघडीवर मातीची पिवळट रेघ राहिलेली असते. अशा साडीला आधी दोन पाण्यातून नुसतं खळबळून काढा, साबण नंतर. बारीक गाळ धाग्यात राहिला तर सुई बोथट होते. काळे बुरशीचे ठिपके असतील तिथे अंगठ्याने ताणून बघाच, कारण बुरशी धागा खाते. लोखंडी पेटीच्या गंजाचा डाग लिंबू आणि मीठ चोळून उन्हात ठेवला की फिका होतो, पण गंजलेल्या जागचं कापडही कमजोर झालेलं असतं. डाग गेला म्हणून खूश होऊन ते बाळाच्या झबल्याला घेऊ नका.

नवं कापड मिसळायचं असेल तर ते आधी रात्रभर भिजवून पाण्यातून काढा. इचलकरंजी जवळ असल्यामुळे आमच्याकडे सुती कापडाला तोटा नाही. अस्तराला मांजरपाट (साधं जाडसर सुती कापड) मिळतं, पण कोरं मांजरपाट चांगलंच आटतं. ते न धुता लावलं तर पहिल्या धुण्यात वाकळीला सुरकुत्या पडतात.

झबलं आणि सदरा

तीन महिन्यांपर्यंतच्या बाळाला झबल्याची लांबी १२ इंच आणि छातीचा घेर २० इंच पुरतो. पुढचा भाग घडीवर कापायचा. छातीचा चौथा हिस्सा ५ इंच, वर शिवणीला अर्धा इंच. गळा घडीपासून आडवा २ इंच, खोली पुढे पावणेदोन आणि मागे पाऊण इंच. खांदा २ इंच, त्याला अर्धा इंच उतार. मुंढा (बाही जोडायची जागा) पावणेचार. खाली दुमडायला १ इंच जास्त. मागचे दोन भाग वेगळे कापा आणि मधल्या कडेला प्रत्येकी दीड इंच जादा सोडा, म्हणजे ते एकमेकांवर चढतात आणि बंदाची गाठ पाठीच्या कण्यावर न येता बाजूला येते. बाळ दिवसभर पाठीवर असतं, त्याला ती गाठ टोचत राहते. बंद ५-६ इंचांचेच ठेवा. लांब बंद गळ्याभोवती गुंडाळले जातात. याच कारणाने गळ्याला नाडी ओवू नका. झबल्याला बटणही लावू नका.

शिवण बाहेरच्या बाजूला ठेवली तरी चालते. बघणाऱ्यांना उलटं घातल्यासारखं वाटेल, वाटू दे. आतून बोचत नाही. गळ्याला आणि मुंढ्याला उरेबी (तिरकी कापलेली) पट्टी लावा, सव्वा इंच रुंद, त्याच साडीची. मशीनला ११ नंबरची सुई घाला. १६ नंबरची सुई जुन्या मलमलीला भोकं पाडते.

मोठ्या मुलांसाठी सुती शर्ट असेल तर माझी एक आवडती युक्ती आहे. आजोबांच्या शर्टाची बटणपट्टी उसवूच नका. बटणं लावलेलीच ठेवून शर्ट जमिनीवर पसरा, मुलाच्या सदऱ्याच्या पुढच्या भागाचा कागद त्या पट्टीवर मध्याला मध्य जुळवून ठेवा आणि तसंच कापा. काजं तयार, बटणं तयार. खालची दुमडसुद्धा साधली तर साधून घ्या. मागचा भाग शर्टाच्या पाठीतून काढायचा, कारण शर्टात सगळ्यात मोठा बिनजोडाचा तुकडा तिथेच असतो. कॉलर घासलेली असते, ती घेऊ नका. खिसा अलगद उसवून ठेवा, त्याचं काम पुढे आहे.

परकराला तर साडीसारखं कापड नाही. तासगावकडची एक मुलगी सासूबाईंचं, म्हणजे तिच्या आत्यांचं, हिरवं इरकल घेऊन आली होती.

“काकू, हे आत्यांचं आहे. ह्याला कात्री लावू नका, अख्खंच वाकळीत घाला.”

“अगं, अख्खं घातलं तर निम्मं आत झाकलं जाईल. तुझ्या लेकीला ह्याचा परकर होतोय. काठ खाली येईल, दुमडायलाही नको.”

“आणि पदर?”

“रेशमी आहे, वाकळीत नको. त्याची कुंची करू.”

तिने तिथूनच सासूबाईंना फोन लावला. पलीकडून मलाही ऐकू आलं, “पोरीला हुतंय न्हवं? मग कापा की!”

तीन वर्षांच्या मुलीला कमरेपासून घोट्यापर्यंत २० ते २२ इंच धरा. साडीचा काठ खाली ठेवून वर तेवढी उंची मोजा, नेफ्याला दीड इंच आणि वाढीच्या टकांना (दुमडून शिवलेल्या पट्ट्यांना) ३-४ इंच जास्त घ्या. घेर कमरेच्या अडीच ते तीन पट, म्हणजे ५० ते ६० इंच. तो साडीच्या लांबीतून निघतो, त्यामुळे बाजूला एकच जोड येतो. काठाच्या वर आडवे दोन टक घालून ठेवा. दर वर्षी एक उसवला की परकर पुन्हा घोट्याला टेकतो. टकाला टीप मोठी घाला, नाहीतर उसवताना कापड फाटतं.

वाकळ

आता उरलेलं सगळं वाकळीचं. हिशेब असा. सहावारी साडी साधारण साडेपाच मीटर, पन्हा (रुंदी) ४५ इंचांच्या आसपास. तिच्या आडव्या तीन घड्या घातल्या की बरोबर सहा फूट लांब आणि पावणेचार फूट रुंद असे तीन थर मिळतात. एका माणसाच्या वाकळीचं पोट एका साडीत झालं. नऊवारी सव्वाआठ मीटरच्या जवळ जाते, तिचे पावणेसात फुटांचे चार थर पडतात, उंच माणसासाठी ते बरं. वर आणि खाली एकेक थर धरला की सांगलीच्या थंडीला पुष्कळ झालं. वाई-महाबळेश्वरकडे द्यायची असेल तर पोटात अजून एक थर वाढवा. त्याहून जाड केली तर हाताला सुई ओढवत नाही आणि धुताना उचलवत नाही. बाळाच्या वाकळीला ३० बाय ३६ इंच आणि तीनच थर. आणि ती बाळाच्या खाली अंथरायची. तान्ह्या बाळाच्या अंगावर जड वाकळ घालू नये, तोंडावर येते.

आवडतं कापड कुठे लावायचं? वरच, जिथे हात फिरतो तिथे. विरलेलं पोटात, धड पण साधं खाली. तुकडे फाडून घ्या, कापू नका. सुती कापड धाग्यात सरळ फाटतं आणि चौकोन आपोआप काटकोनात येतो. वरचे तुकडे अर्ध्या इंचाच्या शिवणीने जोडून इस्त्री करा. पोटातले तुकडे मात्र जोडायचे नाहीत, कडा एकमेकांवर दोन बोटं चढवून नुसते मांडायचे. शिवण घातली तर तिथे कायमचा उंचवटा राहतो आणि नेमका तोच बरगडीखाली येतो.

मघाशी उसवून ठेवलेला शर्टाचा खिसा मुलाच्या वाकळीवर वरच्या थराला, थर रचायच्या आधी शिवून टाका. रात्री त्यात गोट्या, चिंचोके, खोडरबर असं काय काय जातं. धुवायच्या आधी तो रिकामा करायचा, एवढं लक्षात ठेवलं की झालं.

जमीन झाडून पुसून घ्या. खालचा थर सगळीकडून दोन-दोन इंच मोठा, त्याची सुलट बाजू जमिनीकडे. चारी कोपऱ्यांवर वजन ठेवून ताणा. माझ्याकडे वरवंटा, खलबत्ता आणि दोन इस्त्र्या असतात. त्यावर पोट, त्यावर वरचा थर, प्रत्येक थर तळहाताने मधून बाहेर सपाट करत जायचा. मग कच्चे टाके. मधून सुरू करून कोपऱ्यांकडे जायचं, ओळींत वीतभर अंतर. या कामाचा सगळ्यांना कंटाळा येतो आणि वाकळ बिघडते ती इथेच. आमच्याकडे पक्का धावदोरा कडेने सुरू करून चौकोनातून आत आत येतो. प्रत्येक फेरीला कापड जरासं मध्ये ढकललं जातं. कच्चे टाके नसतील तर शेवटी मधोमध फुगा उरतो आणि मग तो चुन्या घालून दाबावा लागतो.

खालच्या थराची जास्तीची कड वर घेऊन दोनदा दुमडली की गोट तयार, त्यावरून पहिली फेरी घाला. दोरा सुती, जाडसर घ्या, दीड हातापेक्षा लांब नको, आणि मेणावरून ओढून घ्या म्हणजे पीळ पडत नाही. पॉलिस्टरचा बारीक चिवट दोरा जुन्या मऊ कापडाला हळूहळू कापतो. गाठ थरांच्या मध्ये ओढून लपवा. टाका गव्हाच्या दाण्याएवढा आणि फेऱ्यांत दोन बोटांचं अंतर, बाळाच्या वाकळीला एकाच बोटाचं. सुई उभी घालून खालच्या हाताला टोचली पाहिजे, तरच सगळे थर धरले जातात. तिरकी घातली तर वरचे दोनच धरले जातात आणि खालचा थर पुढे लोंबतो.

मशीनवर घालायची तर १६ नंबरची सुई, टीप सगळ्यात मोठी आणि पायाचा दाब कमी करा. मशीनवर मधल्या ओळीपासून बाहेर जायचं आणि सगळ्या टिपा एकाच दिशेने मारायच्या. एक खाली, एक वर अशा मारल्या की दोन टिपांमध्ये कापड तिरकं पिळवटतं. मशीनची वाकळ लवकर होते पण जरा ताठ राहते. तान्ह्या बाळाची मी हातानेच घालते.

हे काम फाल्गुन-चैत्रात काढा. ऊन असतं, आणि भिजवणं-वाळवणं पटापट होतं. पावसाळ्यात वाकळ धुवायला काढू नका, आतले थर ओले राहून कुबट वास धरतात. नवरात्राच्या आधी घरोघरी अंथरुणं धुतात तेव्हा तीही धुवा. पिळायची नाही, पीळ दिला की धावदोरा तुटतो. दोघींनी दोन टोकं धरून तिला कट्ट्यावर घडी करून ठेवायचं, पाणी निथळू द्यायचं, आणि मग दोरी नव्हे तर बांबूवर टाकायची. दोरीवर ओल्या वाकळीचं सगळं वजन एकाच रेघेवर येतं आणि पुढच्या वर्षी ती तिथेच फाटते.