फवारणीच्या दिवशी कातडी कशी सांभाळायची

आमच्या धाकट्या दिराचा पाठीवरचा पंप झाकणातून गळत होता. सप्टेंबरातली गोष्ट, पऱ्हाटी छातीला लागलेली. दुपारी मी डबा घेऊन वावरात गेले, तेव्हा त्यांच्या शर्टाची पाठ कमरेपर्यंत ओली होती आणि ओल पँटीत उतरत होती. म्हटलं, भाऊजी, शर्ट बदला, आंघोळ करा. "आता कायले आंघोय, वयनी? दोन पंप राह्यले, मंग एकदमच करतो." मी आशा सेविका आहे, आरोग्याचं दारोदार सांगत फिरते, आणि त्या दुपारी मी पुढे बोलले नाही. संध्याकाळी ते थकून तसेच आडवे झाले. रात्री उलट्या, अंथरूण भिजेल इतका घाम, डोळ्यांपुढे धूसर. दवाखान्यात डॉक्टरांनी पहिला प्रश्न केला, "अंगावर कपडे तेच आहेत का?" तेच होते.

भाऊजी वाचले. २०१७ च्या हंगामात आमच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले. तेव्हापासून नाकातोंडाला रुमाल बांधायची सवय बऱ्याच जणांना लागली. कातडीकडे मात्र अजून कोणी बघत नाही. म्हणून हे लिहिते आहे.

आधी आपली कातडी ओळखा. मोठ्या माणसाची कातडी पसरली तर साधारण पावणेदोन चौरस मीटर होते, एका खाटेएवढी. डवऱ्याने हाताला फोड येतो, तो फुटल्यावर वरचा पांढरा पापुद्रा निघतो आणि खाली ओलसर लाल भाग दिसतो. तो पापुद्रा मुख्यतः मेलेल्या पेशींचा आहे. कुडाच्या भिंतीत जसा गिलावा, तसा या पेशींच्या मधे एक चरबीचा लेप असतो. दंडावर हा मेलेला थर वहीच्या कागदाहून पातळ असतो, आणि बाहेरचं बाहेर ठेवण्याचं बहुतेक काम तोच करतो. त्याच्या खालून नव्या पेशी सारख्या वर येतात. महिनाभरात वरची कातडी जवळजवळ नवी होते. रंग देणाऱ्या पेशीही तिथेच, तळाशी. त्याच्या खालच्या जाड थरात रक्तवाहिन्या, नसा, घामाच्या आणि तेलाच्या ग्रंथी, केसांची मुळं. सगळ्यात खाली चरबी.

आता एक करून बघा. मनगटाच्या वर एक थेंब पाण्याचा आणि एक थेंब तेलाचा ठेवा. पाणी गोळा होऊन बसतं, हात हलवला की ओघळतं. तेल पसरतं, चिकटतं, पुसलं तरी चकाकी राहते. फवाऱ्याची बरीच औषधं, म्हणजे कीटकनाशकं, पाण्यात ओतली की दुधासारखी पांढरी होतात ना? त्यातली पुष्कळशी तेलासारख्या द्रवात विरघळवलेली असतात. पाणी ज्या चरबीच्या लेपापाशी अडतं, त्यातून ती वाट काढतात. एकदा खालच्या थरात रक्त लागलं की पुढे सगळं अंग मोकळं. उन्हात कातडीकडे रक्त जास्त धावतं, घामाने वरचा थर भिजून फुगतो, आणि वाट आणखी सोपी होते. भर दुपारी फवारा मारू नका असं म्हणते, ते एवढ्यासाठी.

सगळीकडची कातडी सारखी नसते, ही गोष्ट मला फार उशिरा कळली. १९७१ साली अमेरिकेत छापून आलेल्या एका अभ्यासात माणसांच्या अंगावर वेगवेगळ्या ठिकाणी पॅराथिऑन हे कीटकनाशक लावून किती आत जातं ते मोजलं होतं. कोपराखालच्या हातावर जवळपास ९ टक्के, तळहातावर १२, डोक्याच्या कातडीवर ३२, कपाळावर ३६, काखेत ६४, आणि पुरुषांच्या अंडाच्या पिशवीवर जवळजवळ सगळंच. मी बाई असले तरी हे बोलायला लाजत नाही, कारण गळक्या पंपाचं पाणी पाठीवरून बरोबर तिथेच उतरतं. आम्ही हात धुतो आणि जेवायला बसतो. जांघ तशीच राहते.

म्हणून पंप खांद्यावर घ्यायच्या आधी त्यात नुसतं पाणी भरा, झाकण लावून आडवा धरा, नळी आणि नोझल बघा. थेंब आला तर वायसर बदला. तरीही पाठीवर जाड प्लास्टिक बांधा, ते कमरेच्या खालपर्यंत येऊ द्या. हातमोजे रबरी घ्या. कापडी मोजा भिजला की औषधाची पट्टीच बांधल्यासारखं होतं. बादलीत औषध घोळायला काडी घ्या. आमच्याकडे हे काम बायांकडे असतं आणि कितीतरी जणी बांगड्यांपर्यंत हात बुडवतात. डब्यावरचा तिकोन बघा: लाल सगळ्यात जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. फवाऱ्याआधी अंगाला तेल चोपडू नका.

टाचांची तयारी मात्र पेरणीच्या सुमारालाच सुरू करा. तळपायाला तेलाच्या ग्रंथी नसतात, म्हणून चिखल-उन्हात टाचा फाटतात, आणि फाटलेली टाच म्हणजे भिंतीला भगदाड. रोज रात्री पाय कोमट पाण्यात दहा-पंधरा मिनिटं ठेवा, पुसा, व्हॅसलीन किंवा खोबरेल लावून मोजे घाला. महिनाभर चिकाटी ठेवली तर फवाऱ्याच्या वेळी नवी कातडी आलेली असते. वजरीने रक्त येईपर्यंत घासू नका.

वावरात धुऱ्यावर पाण्याची कॅन, साबण आणि एक जोडी कपडे आधीच नेऊन ठेवा. कपडा ओला झाला की त्याच मिनिटाला पंप खाली. कपडे काढा, साबण आणि भरपूर साध्या पाण्याने धुवा: डोकं, कानामागे, काखा, जांघा, नखांच्या खाली. गरम पाणी नको, घासणी नको, रॉकेल तर अजिबात नको. जेवणाआधी, बिडीआधी, लघवीला जायच्याही आधी हात धुवा.

लाळ सुटणे, विनाकारण घाम, डोळ्याची बाहुली टाचणीएवढी होणे, धूसर दिसणे, मांस फडफडणे, उलटी, यातलं काही दिसलं तर घरगुती उपाय करत बसू नका. माणसाचे कपडे काढा (तुमच्याही हातात मोजे हवेत), अंग धुवा, १०८ ला फोन करा आणि औषधाचा डबा किंवा त्याचं लेबल सोबत न्या. डॉक्टरांना नाव कळलं की वेळ वाचतो.

धुताना घरच्या माणसाच्या पाठीवर फिकट किंवा लालसर चट्टा दिसला, तर त्याला डोळे मिटायला सांगा आणि चट्ट्यावर कापसाची वात फिरवा. त्या जागी स्पर्श कळत नसेल तर नसेवर कुष्ठरोगाचा मार असू शकतो. औषध प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट मिळतं, आणि लवकर सुरू केलं तर हातपाय वाचतात.

फवाऱ्याचे कपडे घरच्या कपड्यांत मिसळू नका. हातमोजे घालून वेगळ्या बादलीत साबणाने दोनदा धुवा, पाणी नाल्यात किंवा ढोरांच्या हौदाजवळ ओतू नका, आणि लेकरांच्या कपड्यांपासून लांब वाळत घाला. भाऊजींचा तो शर्ट औषधाने पार माखला होता. तो मी धुतलाच नाही.