नाल्यात सोडलेल्या रासायनिक पाण्याची टिकेल अशी तक्रार कशी करावी

एमआयडीसीच्या खालच्या अंगाला ज्यांचे गाव आहे, त्यांना प्रदूषण म्हणजे काय हे कोणी समजावून सांगावे लागत नाही. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ मध्ये स्थापन झाले आणि पुढच्या काही दशकांत डोंबिवली, तळोजा, महाड, लोटे परशुराम अशा रासायनिक कारखान्यांच्या वसाहती नद्यांच्या आणि खाड्यांच्या शेजारी वसल्या. डोंबिवलीत जानेवारी २०१४ मध्ये हिरवा पाऊस पडला आणि फेब्रुवारी २०२० मध्ये तिथला रस्ता गुलाबी झाला. तळोज्यात ऑगस्ट २०१७ मध्ये निळ्या रंगाची कुत्री फिरताना दिसली, तेव्हा संबंधित कारखाना प्रदूषण नियंत्रण मंडळाने बंद केला. या घटनांची दखल घेतली गेली याचे एक कारण असे की, रंग छायाचित्रात उतरतो. रोजचे प्रदूषण मात्र सहसा रंगीत नसते. ते पहाटे तीन वाजता येते, कुजक्या अंड्यांसारखा वास सोडते आणि उजाडेपर्यंत वाहून गेलेले असते.

अशा प्रदूषणाविरुद्ध केलेले बहुतेक अर्ज मोघमपणामुळे मरतात. ‘कंपन्या नेहमी घाण पाणी सोडतात, तरी योग्य ती कारवाई व्हावी’ असे लिहून दिले, की तिसऱ्या-चौथ्या दिवशी मंडळाचे क्षेत्र अधिकारी येतात, कोरडा नाला पाहतात आणि ‘पाहणीवेळी विसर्ग आढळून आला नाही’ असा शेरा मारून प्रकरण निकाली काढतात. आमच्या गावाच्या पहिल्या अर्जाला हेच उत्तर मिळाले होते आणि आज तो अर्ज वाचला, की अधिकाऱ्याला दुसरे काय लिहिता आले असते, असा प्रश्न मलाही पडतो. म्हणून पुढे जे सांगितले आहे, त्याचा सगळा भर नोंदीवर आहे.

आधी वही, मग अर्ज

एक जाड वही घ्यावी आणि किमान पंधरा दिवस तक्रार न करता फक्त नोंदी कराव्यात. प्रत्येक नोंदीत तारीख, वेळ, नेमकी जागा, पाण्याचा रंग, फेस, वास, पाऊस होता की नव्हता आणि नोंद करणाऱ्याची सही असावी. जागा सांगताना ‘पुलाजवळ’ एवढे पुरत नाही. ‘स्मशानभूमीलगतच्या मोरीपासून वरच्या बाजूस साधारण चाळीस पावलांवर, उजव्या काठाला सिमेंटचा पाइप’ असे लिहावे. शेतात पाणी शिरत असेल तर सातबाऱ्यावरील गट क्रमांक द्यावा. छायाचित्रावर अक्षांश, रेखांश आणि वेळ उमटवणारी मोफत ॲप मिळतात, ती वापरावीत. मात्र व्हॉट्सॲपवरून फिरलेले छायाचित्र पुरावा म्हणून जपू नये, कारण त्यातली मूळ माहिती पुसली जाते. मूळ फाइल फोनमध्ये आणि आणखी एका ठिकाणी ठेवावी.

पंधरा दिवसांत बहुधा एक ठरावीक क्रम दिसू लागतो. विसर्ग रात्री वाढतो का, साप्ताहिक सुटीला वाढतो का, जोराच्या पावसाबरोबर येतो का, हे वहीतून कळते. विशेषतः पावसाळ्याच्या पहिल्या सरींवर लक्ष ठेवावे. आवारात साठवलेले सांडपाणी त्या वेळी पुराच्या पाण्यात मिसळून सोडण्याचा मोह होतो आणि मासे मरून वर येण्याच्या तक्रारीही त्याच सुमारास येतात. हा क्रम एकदा हाती आला, की अर्जात अधिकाऱ्यांना अमुक वारी अमुक वेळी या, असे नेमके सांगता येते.

पाइप कुठून येतो ते शोधण्यासाठी कारखान्याच्या आवारात शिरू नये, कारण मग अतिक्रमणाची तक्रार आपल्याच अंगावर येते. बंद गटाराचे झाकण तर मुळीच उघडू नये. सांडपाण्यातून निघणारा हायड्रोजन सल्फाइड वायू जास्त प्रमाणात असला, तर माणसाची वास घेण्याची शक्तीच बधिर होते. वास येईनासा झाला म्हणजे धोका टळला, असे समजणाऱ्यांचा जीव गेलेला आहे. नोव्हेंबर २०१४ च्या अखेरीस उल्हासनगरमध्ये वालधुनी नदीत टँकरमधून रसायन ओतले गेले, तेव्हा आसपासच्या वस्तीतील शेकडो लोकांना रुग्णालयात न्यावे लागले होते. असा टँकर दिसल्यास दुरून क्रमांक टिपावा आणि थेट पोलिसांना फोन करावा.

संमतिपत्र वाचायला शिकावे

माझ्या मते सर्वांत कमी वापरले जाणारे हत्यार हेच आहे. जल प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण कायदा, १९७४ अन्वये सांडपाणी सोडणाऱ्या प्रत्येक उद्योगाला प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती घ्यावी लागते आणि संमतीच्या अटी पत्रात लिहिलेल्या असतात. मंडळाच्या संकेतस्थळावर ही पत्रे शोधता येतात. शिवाय याच कायद्याच्या कलम २५ प्रमाणे मंडळाला संमतींची नोंदवही ठेवावी लागते आणि ज्याचा संबंध पोहोचतो अशा व्यक्तीला ती पाहण्याचा हक्क आहे.

पत्र इंग्रजीत आणि कंटाळवाणे असते, पण त्यातल्या मोजक्या गोष्टी पाहिल्या तरी पुरे. कोणते उत्पादन महिन्याला किती टन काढण्याची परवानगी आहे, दिवसाला किती घनमीटर सांडपाणी निघणार असे गृहीत धरले आहे, ते कुठे सोडायचे आहे आणि पत्राची मुदत कधी संपते, एवढे वहीत उतरवून घ्यावे. यातही ‘कुठे सोडायचे’ हा रकाना सोन्यासारखा आहे. तिथे सांडपाणी सीईटीपीकडे, म्हणजे सामाईक प्रक्रिया केंद्राकडे पाठवावे असे लिहिलेले असते, किंवा प्रक्रिया करून आवारातल्या झाडांना घालावे असे असते, किंवा एक थेंबही बाहेर न सोडता सगळे पाणी पुन्हा वापरावे अशी अट असते. शेवटच्या प्रकारच्या कारखान्याचा पाइप नाल्यात उघडत असेल, तर पाण्यात काय आहे ते प्रयोगशाळेत तपासण्याआधीच अट मोडली गेलेली आहे. तुमच्या छायाचित्राला जे वजन येते ते अशा ठिकाणी. सीईटीपीकडे पाणी जाणे अपेक्षित असेल आणि ते पावसाळी गटारात दिसत असेल, तेव्हाही हेच लागू होते.

नमुना कधी आणि कसा घ्यावा

कायदेशीर नमुना मंडळाचे अधिकारीच घेऊ शकतात. जल प्रदूषण कायद्याच्या कलम २१ मध्ये त्याची रीत दिली आहे: कारखानदाराला तिथल्या तिथे सूचना देणे, नमुन्याचे दोन भाग करणे, बाटल्या मोहोरबंद करून त्यांवर सह्या घेणे. ही रीत पाळली नाही, तर मंडळाचा स्वतःचा अहवालसुद्धा न्यायालयात ग्राह्य धरला जात नाही. त्यामुळे अधिकारी आले असता नम्रपणे जवळ उभे राहून बाटली कुठे भरली, मोहोर लावली का, सह्या कोणाच्या झाल्या, हे वहीत टिपावे. गावकऱ्यांनी घेतलेल्या नमुन्याचे काम वेगळे आहे. तो अर्जाला बळ देतो आणि मंडळाला नमुना घेण्यास भाग पाडतो.

असा नमुना घ्यायचा असल्यास एक बाटली भरून थांबू नये. पाइपच्या वरच्या बाजूचे पाणी, पाइपच्या तोंडाचे पाणी आणि खालच्या बाजूचे पाणी अशा तीन जागा घ्याव्यात, नाहीतर ‘घाण वरूनच येते’ हे उत्तर ठरलेले आहे. रबरी हातमोजे घालावेत. बाटल्या शक्यतो प्रयोगशाळेकडूनच आणाव्यात, कारण धातू तपासायचे असतील तर बाटलीत आम्ल घालावे लागते आणि इतर तपासण्यांना ते चालत नाही. बाटली बर्फाच्या डब्यात ठेवून त्याच दिवशी पोहोचवावी. एनएबीएल, म्हणजे प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय संस्थेची मान्यता असलेली प्रयोगशाळा निवडावी आणि बाटली कोणी भरली, कोणी नेली, किती वाजता दिली याचा कागद सोबत ठेवावा.

काय तपासायचे हे प्रयोगशाळेवर सोडू नये. सामू (पीएच), निलंबित घन पदार्थ, बीओडी आणि सीओडी एवढे तरी मागावे. नदीनाल्यात सोडल्या जाणाऱ्या सांडपाण्यासाठी सर्वसाधारण मर्यादा बीओडी लिटरला ३० मिलिग्रॅम, सीओडी २५० मिलिग्रॅम आणि निलंबित पदार्थ १०० मिलिग्रॅम अशी आहे, पण संमतिपत्रात याहून कडक आकडा असेल तर तोच धरावा. बीओडी आणि सीओडी दोन्ही का, याचे कारण महत्त्वाचे आहे. बीओडी म्हणजे जिवाणूंना कुजवता येईल अशा घाणीचा अंदाज आणि सीओडी म्हणजे रसायनाने जाळून पाहिलेल्या जवळजवळ सगळ्या घाणीचा. घरगुती मैल्यात बीओडी हा सीओडीच्या साधारण निम्मा असतो. सीओडी भरमसाट आणि बीओडी त्याच्या मानाने अगदी थोडा, असे निघाले तर ते पाणी गावच्या गटाराचे नव्हे, असे ठामपणे म्हणता येते. ‘हा तुमच्याच वस्तीचा मैला आहे’ हा कारखानदारांचा आवडता बचाव या दोन आकड्यांपुढे लंगडा पडतो.

खाडीकाठच्या गावांनी नमुना ओहोटीच्या वेळी घ्यावा आणि पाणी मचूळ आहे हे प्रयोगशाळेला आधी सांगावे. भरतीचे पाणी मिसळले तर घाण पातळ होते आणि खाऱ्या पाण्यातले क्लोराइड सीओडीचा आकडा बिघडवते.

अर्जाचा मजकूर

अर्ज मंडळाच्या उपप्रादेशिक अधिकाऱ्यांच्या नावे लिहून प्रादेशिक अधिकारी, जिल्हाधिकारी आणि एमआयडीसीचे कार्यकारी अभियंता यांना प्रती द्याव्यात. मजकूर पानभराहून मोठा नसावा. साधारण असा लिहिता येईल:

‘दिनांक … रोजी पहाटे ५.१० वाजता मौजे … येथील गट क्रमांक … लगतच्या नाल्यात, प्लॉट क्रमांक … च्या मागील भिंतीखालील पाइपमधून काळसर, फेसाळ व उग्र वासाचे पाणी येत असल्याचे खाली सह्या करणाऱ्यांनी पाहिले. मागील पंधरा दिवसांत असा विसर्ग सहा वेळा नोंदवला असून नोंदींची प्रत व छायाचित्रे सोबत जोडली आहेत. सदर उद्योगाच्या संमतिपत्रातील अट क्रमांक … नुसार सांडपाणी आवाराबाहेर सोडण्यास परवानगी नाही. तरी पहाटे ४ ते ६ या वेळेत पाहणी करून कलम २१ नुसार नमुना घ्यावा व अहवालाची प्रत आम्हास द्यावी.’

यात ‘विषारी’, ‘जीवघेणे’, ‘हप्तेखोर’ असे शब्द नाहीत, हे लक्षात घ्यावे. राग खरा असतो, पण सिद्ध न करता येणारा एक शब्द उरलेल्या सिद्ध होणाऱ्या दहा वाक्यांना कमकुवत करतो. कारखान्याबद्दल खात्री नसेल तर नाव न घेता जागाच लिहावी. सोबत ग्रामसभेचा ठराव जोडल्यास अर्ज एकट्यादुकट्याचा राहत नाही, आणि ज्यांची मुले त्याच वसाहतीत कामाला आहेत त्यांनाही उघड सही करण्यापेक्षा ठराव सोपा जातो. अर्ज हाताने दिला तर आवक शिक्का व क्रमांक असलेली पोच घेतल्याशिवाय कार्यालय सोडू नये. नुसत्या फोनवरच्या तक्रारीचा मागमूस राहत नाही, म्हणून फोन केला तरी त्याच दिवशी ईमेल पाठवावा.

पाठपुरावा

महिनाभरात काही हालले नाही, तर माहितीचा अधिकार वापरावा. महाराष्ट्रात अर्ज १५० शब्दांत आणि एकाच विषयाचा असावा लागतो, शुल्क १० रुपये असते आणि उत्तराची मुदत ३० दिवसांची असते. ‘कारवाई का केली नाही’ असे विचारू नये, कारण कायदा अस्तित्वात असलेले कागद देतो, कारणमीमांसा देत नाही. त्याऐवजी अमुक प्लॉटच्या मागील दोन वर्षांच्या जेव्हीएस, म्हणजे मंडळाने तपासणीसाठी घेतलेल्या, नमुन्यांचे अहवाल, कारणे दाखवा नोटिसा, बंदचे आदेश, पुन्हा सुरू करण्याचे आदेश आणि अटी पाळण्यासाठी कारखान्याने दिलेली बँक हमी जप्त केली असल्यास तिचा तपशील यांच्या प्रती मागाव्यात. फाइल प्रत्यक्ष पाहण्याचीही मागणी करावी. मी तर म्हणेन तीच आधी करावी, कारण टिपणीच्या पानांवर जे सापडते ते पत्रोत्तरात सापडत नाही. उत्तर न आल्यास ती मुदत संपल्यापासून ३० दिवसांत पहिले अपील करायचे असते.

जल प्रदूषण कायद्याच्या कलम ३३-अ खाली मंडळ उद्योग बंद करण्याचे, तसेच त्याचे वीज आणि पाणी तोडण्याचे निर्देश देऊ शकते. असा आदेश निघाला म्हणजे काम संपले, असे मानून वही मिटू नये. कारखाना पुन्हा सुरू करण्याच्या आदेशात नव्या अटी घातलेल्या असतात. त्या मिळवाव्यात आणि पुढच्या नोंदी त्या अटींशी ताडून पाहाव्यात.

मंडळाकडून दाद मिळत नसेल तर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचे पश्चिम विभागीय पीठ पुण्यात आहे. २०१० च्या कायद्याप्रमाणे तिथे स्वतः बाजू मांडता येते, वकील असलाच पाहिजे असे नाही. तरी कागद लावून देण्यापुरता जाणकार वकिलाचा सल्ला घेतलेला बरा. इथे मुदतीचा हिशेब काटेकोर आहे. वादाचे कारण प्रथम उद्भवल्यापासून सहा महिन्यांत अर्ज करावा लागतो आणि सबळ कारण दाखवल्यास फार तर आणखी ६० दिवस मिळतात. पीक, विहीर किंवा मासेमारीच्या नुकसानीची भरपाई मागायची असेल तर मुदत पाच वर्षांची आहे, मात्र त्यासाठी नुकसान झाले त्याच आठवड्यात तहसीलदारांकडे अर्ज देऊन पंचनामा करून घेतलेला असावा. सहा महिन्यांची मुदत कोणत्या दिवसापासून मोजायची यावर समोरचा वकील पहिला आक्षेप घेतो, आणि त्या वेळी वहीतली तारीख व पोचेवरचा आवक शिक्का हे दोनच कागद आधी मागितले जातात.