‘पुण्यश्लोक’ लिहिताना या चुका टाळा

पुण्यतिथी जवळ आली की इंदूरमधल्या मंडळांच्या पत्रिकांची प्रुफं माझ्याकडे तपासायला येतात. अहिल्यादेवींच्या नावाआधीचा ‘पुण्यश्लोक’ मी सगळ्यांत आधी पाहतो, कारण घोटाळा बहुतेक वेळा तिथेच असतो.

नेहमीची चूक म्हणजे शब्द तोडणं. ‘पुण्य श्लोक’ असं सुटं लिहिलं की त्याचा अर्थ पवित्र पद्य असा होतो. एका बॅनरवर तर ‘पुण्य’ वरच्या ओळीत आणि ‘श्लोक’ खालच्या ओळीत होता. अक्षर मोठं हवं म्हणून डिझायनरने तसं केलं होतं. अक्षर थोडं लहान करा, पण शब्द अखंड ठेवा. हा बहुव्रीही समास आहे: पुण्य आहे श्लोक ज्याचा, तो. इथे श्लोक म्हणजे कीर्ती. अमरकोश दोन्ही अर्थ देतो: ‘पद्ये यशसि च श्लोकः’. वेदांत तर श्लोक म्हणजे कानावर येणारा नाद, हाक. माणसाबद्दल चारी दिशांनी जे ऐकू येतं, ती त्याची कीर्ती. ज्यांच्याबद्दल ऐकणंही पावन करतं, ते पुण्यश्लोक. मला हा अर्थ फार मोलाचा वाटतो. देवींनी 1767 पासून 1795 पर्यंत महेश्वरहून राज्य केलं, पण काशीचं विश्वेश्वर मंदिर आणि गयेचं विष्णुपद मंदिर त्यांनी आपल्या राज्याच्या कितीतरी बाहेर बांधून दिलं. कीर्ती अशी दूरवर ऐकू गेली.

‘पुण्यश्लोका अहिल्यादेवी’ असंही कुणी कुणी छापतं. संस्कृतात ते बरोबर आहे. मराठीत मात्र ‘प्रसिद्ध गायिका’ म्हणतो तसं ‘पुण्यश्लोक अहिल्यादेवी’च.

या शब्दाला ‘कैलासवासी’च्या जागी बसवणं ही त्याहून वाईट चूक. आजोबांच्या वर्षश्राद्धाच्या पत्रिकेत ‘पुण्यश्लोक’ घालायचा आग्रह मी ऐकला आहे. माया समजते, पण हा मृत्यूनंतर लावायचा शब्द नाही. जुना श्लोकच पाहा:

पुण्यश्लोको नलो राजा पुण्यश्लोको युधिष्ठिरः।
पुण्यश्लोका च वैदेही पुण्यश्लोको जनार्दनः॥

यात साक्षात जनार्दन आहे. ही ओळ सकाळी उठल्यावर म्हणायची, शोकाच्या प्रसंगी नव्हे. ‘श्रीमंत’शीही त्याची गल्लत नको. श्रीमंत ही पदवी घराण्याबरोबर येते, पुण्यश्लोक हे नाव लोकांनी द्यावं लागतं.

‘अहिल्या’ खोडून ‘अहल्या’ करू नका. रामायणातली ती अहल्या. इंदूरच्या विद्यापीठाच्या आणि विमानतळाच्या नावात अहिल्याच आहे.

आणि मजकूर फोनवर सांगू नका. कागदावर मोठ्या अक्षरात लिहून द्या, ‘श्ल’ वेगळा काढून दाखवा. फोनवर सांगितलेल्या एका पत्रिकेत ल गळला होता. प्रुफावर ‘पुण्यशोक’ आलं होतं.