डिप्रेशनच्या गोळ्या आणि सीआरपी टेस्ट: रक्त द्यायच्या आधी हे वाचा

आईला पहिली गोळी लागूच पडली नाही, दुसरीने थोडा फरक पडला आणि त्यात पाच महिने गेले. ती दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडलेली असायची आणि मला एकच वाटायचं, की रक्त तपासून आधीच का नाही कळत कुठली गोळी चालेल ते. तर थोडंफार कळतं, पण अमुक गोळी घ्या असं सांगणारी टेस्ट अजून नाहीये, कुणी तसं सांगून पॅकेज विकत असेल तर पैसे घालवू नका.

सगळ्यात जास्त अभ्यास झालाय तो सीआरपीचा. अंगात कुठे दाह, म्हणजे आतली सूज, चालू असला की लिव्हर हे प्रोटीन जास्त बनवतं. २०१४ साली युरोपातल्या एका अभ्यासात दिसलं की सीआरपी लिटरला १ मिलिग्रॅमच्या खाली असलेल्यांना एसिटालोप्राम ही डिप्रेशनची गोळी जास्त लागू पडली, आणि ज्यांचं त्याच्या वर होतं त्यांना नॉरट्रिप्टिलीन ही दुसरी गोळी. २०१७ मधे अमेरिकेतल्या अभ्यासातही १ च्या खालच्यांना नुसती एसिटालोप्राम बरी पडली, वरच्यांना मात्र तिच्यासोबत ब्युप्रोपिऑन ही आणखी एक डिप्रेशनची गोळी दिल्यावर जास्त फायदा झाला. पण हे सगळे गटाचे सरासरी आकडे, तुमच्या घरातल्या माणसाला तसंच होईल असं नाही, म्हणूनच डॉक्टर ही टेस्ट सरसकट लिहून देत नाहीत.

तरी करायचीच असेल तर डॉक्टरांना विचारून करा, आणि चिठ्ठीवर एचएस-सीआरपी लिहिलंय ना ते बघा, कारण साध्या सीआरपीत खालचे बारीक आकडे नीट कळत नाहीत. उपाशी राहायची गरज नसते. सर्दी, ताप, दाढ सुजलेली, कुठे लागलेलं, असं काही असेल तर दोनेक आठवडे थांबा. लिटरला १० मिलिग्रॅमच्या वर आलं तर बहुतेक वेळा इन्फेक्शन वगैरे काहीतरी असतं, ते बरं झाल्यावर परत करा. वजन जास्त असणं, सिगरेट, गर्भनिरोधक गोळ्या, यानेही आकडा वर जातो, तेही डॉक्टरांना सांगा.

आता रिपोर्ट, इथे मी स्वतः फसले. आईच्या कागदावर ०.६ होतं, मी म्हटलं चला, १ च्या खाली आहे, आणि सुटकेचा श्वास टाकला. डॉक्टरांनी आकड्याशेजारच्या बारीक अक्षरांवर बोट ठेवलं, तिथे डेसिलिटर होतं! एका लिटरमधे १० डेसिलिटर, म्हणजे तो आकडा खरा ६. त्यात तिची दाढ दुखत होती हे मी सांगायलाच विसरले होते. त्यामुळे आधी युनिट बघायचं आणि मग आकडा.

खरं तर त्याच्याही आधी थायरॉइडची टीएसएच, बी१२ आणि हिमोग्लोबिन करून घ्या. थायरॉइड कमी असेल तर माणूस तसाच सुस्त, उदास दिसतो, आणि शाकाहारी घरांत किंवा डायबेटिससाठी बरीच वर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत बी१२ कमी निघणं नेहमीचंच आहे. यातलं काही सापडलं तर त्यावर सरळ उपाय आहे. बी१२ चं इंजेक्शन घेऊन मग टेस्ट करू नका, आकडा फुगून येतो. जीन टेस्टचीही जाहिरात दिसेल, त्यातून मुख्यतः शरीर औषध किती वेगाने पचवतं ते कळतं, मन बरं होईल का ते नाही.

आणि रिपोर्ट बघून गोळी स्वतःहून बंद करायची नाही, डोसही बदलायचा नाही. योग्य डोसवर चार ते सहा आठवडे लागतातच. तेवढ्यात घरी पीएचक्यू-९ या डिप्रेशन मोजायच्या प्रश्नावलीचे नऊ प्रश्न दर पंधरा दिवसांनी भरा आणि तारीख घालून वहीत ठेवा, २७ पैकी मार्क असतात, ते निम्म्यावर आले की गोळी काम करतेय असं धरतात आणि ५ च्या खाली गेले तर फारच छान. आईचे १९ वरून १७, मग ११ असे उतरले, डॉक्टरांनी पुढचं ठरवलं ते ती वही बघून.

जीव नकोसा झालाय असं कुणी बोललं तर मात्र कुठल्याच रिपोर्टची वाट बघत बसू नका, माणसाला एकटं सोडू नका, लगेच डॉक्टरांकडे न्या, आणि टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ नंबर फुकट आहे, रात्री-अपरात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं.